भाज्याचं उडतं कासव

शाळेच्या अंगणात भाताच्या पेंढ्याचा ढीग.

सरुबाईचं पावसात पाठीवर घ्यायचं इरलं हरवलंय. लावणी कधीच सरली, तरी ती शोधतेय.

लोणावळ्याच्या बाजारात हिरव्या काकणांना मागणी. निळ्यांना कुत्रं विचारत नाही.

विजेची गाडी सुरू झाली. तिला धूर नाही म्हणतात.

"तोंड मिट, मेहरुन," बाप रोज म्हणतो.

या सगळ्याला एका काठीनं बांधून ठेवलं होतं. काठी हंस झालेल्या मारुती आणि केशव या दोन पोरांच्या खांद्यांवर. तिला दोन्ही हातांनी लोंबकळलेली, काठीवरचं फडकं दातांत धरलेली, पाठीवर सरुबाईचं इरलं बांधलेली मेहरुन म्हणजे कासव.

त्र्यंबक मास्तरांनी बसवलेली गोष्ट भाजे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. हंस कासवाला उडवत नेतात, खालचे लोक हसतात, कासव उत्तर द्यायला तोंड उघडतं आणि पडतं. पेंढा त्यासाठीच.

पण पुढच्याच रांगेत दस्तगीर बसला होता, मेहरुनचा बाप. मळवलीपासून लोणावळ्यापर्यंत बांगड्या विकत हिंडायचा, पण पोरीला बरोबर नेत नसे. एकदा तिनं गिऱ्हाइकापुढं खरेदीचा भाव बोलून टाकला होता. "ज्या दिवशी तोंड मिटून दावशील, त्या दिवशी गाडीत बसवीन," असं त्यानं सांगून ठेवलेलं. आज मेहरुनच्या तोंडात फडकंच होतं. असा मोका पुन्हा कुठला यायला?

हंस उडाले.

"अगं बया, कासव उडतंय," खालची पोरं शिकवल्याप्रमाणं म्हणाली. कासव गप्प. पोरांनी पुन्हा म्हटलं. कासव गप्पच.

मग भाज्याला राहवेना.

"मेहरुन, तुजी शेळी मास्तरांच्या वांग्यात शिरली बग."

"न्हाई बोलायची ती. मुकी झाली."

"ते इरलं माजं हाय गं, सटवे," सरुबाई मागून कडाडली.

लोक मांड्यांवर थापा मारत हसायला लागले. मेहरुनच्या गालांत उत्तरं लाह्यांसारखी फुटत होती. हंसांची दुसरी फेरी झाली, तिसरी झाली.

"मास्तर, खांदा गेला माजा," मारुती हंस कण्हला.

"पड, बाळ, पड आता," मास्तर पडद्याआडून कुजबुजले. "गोष्ट संपवायची आहे."

तेवढ्यात दस्तगीर उठला. पिशवीतून हिरवी काकणं काढून त्यानं उन्हात धरली. "मेहरुन, ही कितीला आनली गं आपन?"

भाव तिला पाठ होता. कान लाल झाले, डोळे भरले, इरलं थरथरलं. तिनं फडकं आणखी करकचून चावलं आणि मान हलवली. न्हाई.

दस्तगीर मिशीत हसला. "उद्या सकाळच्या गाडीनं लोणावळ्याला येतीस का?"

"व्हय अब्बा, खिडकीपाशी बसनार मी," कासव म्हणालं, आणि टाळी वाजवायला त्यानं दोन्ही हात सोडले.

पेंढा चौफेर उधळला. हंस खांदे धरून खाली बसले. मास्तरांनी घाईघाईनं पडदा ओढला, तो कुणी पाहिलासुद्धा नाही.

"दस्तगीरभाऊ, पडली की ती," कुणीतरी डिवचलं. "आता कसली गाडी?"

"पडली," दस्तगीर म्हणाला, "पन भाव न्हाई सांगितला."

सरुबाई इरल्याच्या गाठी सोडवत होती, तेवढ्या वेळात मेहरुननं तिला विचारून घेतलं, की गाडीला धूर नाही तर खिडकीतून डोळ्यांत जातं काय, आणि मावशी, तुमाला काकनं कुठली आनू.

तालमीत ती रोज, न चुकता, वेळेवर पडत असे.