ओनोरीन होडीतलं पहिलं मंत्रिमंडळ

मित्रांनो, सध्या माझ्या पोटात तीन कोंबड्या अंडी घालतात आणि डोलकाठीच्या भोकातून पपईचं एक झाड वर आलं आहे. लिझेत बेटाच्या वाळूत मी एका कुशीवर कललेली असते. येणारे-जाणारे माझ्या कडेवर बसून चपलेतली वाळू झटकतात. पण मी काही नेहमीच खुराडं नव्हते. मी ओनोरीन. एके काळची शिडाची होडी.

मला बोनिफास सुताराने याच किनाऱ्यावर घडवलं. पांढऱ्या देवदाराच्या फासळ्या त्याने एकेक हाताने वाकवल्या आणि मला स्वतःच्या आईचं नाव दिलं. "माझी आई कुणाला नाही म्हणायची नाही, ही पण म्हणणार नाही," असं तो सगळ्यांना सांगायचा. मला पाण्यात लोटायच्या दिवशी सगळं बेट दोरांना लागलं होतं. बोकडाचं मटण शिजलं, माझ्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, रम ओतली गेली, आणि मी घसरत घसरत पाण्यात उतरले. त्या पहिल्या गारव्याची आठवण अजून माझ्या फळ्यांत आहे.

पुढे कितीतरी वर्षं मी लिझेतहून मोठ्या बेटावर, म्हणजे सांत आर्नोला, जात-येत राहिले. जाताना बकऱ्या, लिंबं, खारवलेले मासे. येताना पीठ, रॉकेल, कापडाचे तागे. आणि आजारी माणसं. लिझेतवर डॉक्टर नव्हता. कुणाचं दुखणं वाढलं की त्याला शिडाच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या तळाशी ठेवायचे. काही हसत परत आले. काहींना मी परत आणलं तेव्हा त्यांचं तोंड झाकलेलं होतं. त्या दिवशी माझा तांडेल एल्फेज शीड अर्धंच चढवायचा. पोचायची घाई नसायची ना.

मग देश स्वतंत्र व्हायची वेळ आली. नवा झेंडा शिवून तयार होता, पाहुण्यांचं जहाज निघालं होतं. पण निवडणूक झाली आणि सगळं अडकलं. बंदरातल्या मजुरांचे पुढारी डेल्फोस यांचे सात जण निवडून आले. दुकानदार आणि मळेवाल्यांचे पुढारी बालगोबिन वकील, त्यांचेही सातच. उरली एक जागा, आमच्या लिझेतची. तिथे निवडून आली होती बेकरीवाली क्लोथिल्ड. तिला सगळे तांती म्हणायचे, म्हणजे मावशी.

तांती ज्याच्या बाजूला बसेल त्याचं सरकार. आणि ज्याच्या बाजूला बसणार नाही त्याची माणसं गप्प बसणार नव्हती. सांत आर्नोमध्ये आधीच चार दुकानं जळली होती. एका मजुराचं डोकं फुटलं होतं. इंग्रज गव्हर्नरने सांगून टाकलं होतं की शनिवारी दुपारपर्यंत मंत्र्यांची नावं आली नाहीत, तर स्वातंत्र्य पुढे ढकलावं लागेल.

दोन्ही पुढाऱ्यांनी तांतीला निरोपावर निरोप धाडले. तिने एल्फेजकडे एकच उत्तर दिलं. "त्यांना म्हणावं, माझी भट्टी पेटलेली आहे. गरज त्यांना आहे ना? मग यावं त्यांनी."

गुरुवारी पहाटे सांत आर्नोच्या धक्क्यावर मी माल भरत होते. डोक्यावरून शाल घेतलेला एक जाडजूड माणूस गुपचूप आला आणि माझ्या मागच्या बाजूला कोंबड्यांच्या पाट्यांआड बसला. थोड्या वेळाने छत्रीआड तोंड लपवलेला एक काटकुळा माणूस आला आणि नाळेवर बसला. कुणाला न सांगता एकट्यानेच तांतीला गाठायचं, असं दोघांनीही ठरवलं होतं. धक्का दूर गेल्यावर शाल उतरली, छत्री मिटली आणि दोघांची नजरानजर झाली.

"तुम्ही इथे?" बालगोबिन म्हणाले.

"ब्रेड आणायला चाललोय," डेल्फोस म्हणाले. "तुम्ही?"

"मीही."

एल्फेज सुकाणूपाशी इतका हसला की मी वाऱ्यावरून ढळले.  लिझेत येईपर्यंत दोघांनाही बोट लागली होती. एक डाव्या कडेवर वाकलेला, दुसरा उजव्या.

तांती किनाऱ्यावरच उभी होती. पण त्यांची वाट बघत नव्हती. तिच्यामागून चौघे जण शिडाच्या कापडात कुणाला तरी उचलून आणत होते. ती आमच्या शाळेतली मास्तरीण मारीझ होती. कालपासून तिचं पोट दुखत होतं आणि आता ताप चढला होता.

"तांती, मला फक्त दोन मिनिटं द्या," डेल्फोस घाईघाईने म्हणाले.

"आधी मला," बालगोबिन म्हणाले.

तांतीने दोघांकडे पाहिलं. "अरे, जोडीनं आलात? छान झालं. चढा परत. जे काही बोलायचं ते वाटेत बोला. हिचं आतडं फुटायच्या आत हिला दवाखान्यात न्यायचंय."

"परत? आत्ताच तर उतरलो!" वकीलसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मग राहा इथे. पुढची होडी सोमवारी."

दोघे परत चढले.

मित्रांनो, परतीचा वारा समोरून होता. मधल्या दर्यात लाटा माझ्या नाळेवर आपटून आत येत होत्या आणि प्रत्येक धक्क्याला मारीझ ओठ दाबून धरत होती. मला तिचा हात माझ्या फळीवर जाणवत होता. मी मनात म्हणत होते, बोनिफासच्या आई, आज मला सावर. एल्फेजला सुकाणू सोडता येत नव्हतं. तांती मारीझचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिने दोघा पुढाऱ्यांना कामाला लावलं. डेल्फोसनी आपल्या रुंद पाठीचा अडसर करून मारीझला गडगडण्यापासून अडवायचं आणि वकीलसाहेबांनी छत्री धरायची.

"अहो, छत्री नीट धरा की! सगळं पाणी बाईंच्या तोंडावर उडतंय," डेल्फोस ओरडले.

"छत्री उलटी झालीय, दिसत नाही का?"

"मग तो कोट काढा."

"हा लंडनमध्ये शिवलाय!"

"मग समुद्र ओलांडूनच आलाय ना? सवय असेल त्याला."

तेवढ्यात खालून मारीझचा बारीक आवाज आला. "तुम्ही दोघं भांडू नका हो. मला हसू येतं, आणि हसलं की दुखतं."

वकीलसाहेबांनी कोट काढला आणि तिच्यावर धरला. त्यांच्या सदऱ्यातून पाणी निथळत होतं. मग त्यांनी एल्फेजला विचारलं, "नेहमी असंच नेता आजारी माणसाला?"

"आज तर बरंय," एल्फेज म्हणाला. "पावसाळ्यात नेतच नाही. प्रार्थना करतो."



सांत आर्नोच्या डोंगराच्या आडोशाला आलो तसा वारा पडला. लाटा निवल्या. मारीझचा डोळा लागला. तिचा श्वास चालू आहे ना, हे तांती पुन्हा पुन्हा बघत होती. मी संथ सरकू लागले, आणि तेव्हा आमच्या देशाचं पहिलं मंत्रिमंडळ माझ्या ओल्या फळ्यांवर बसलं.

"मी तुमच्यापैकी एकाला निवडणार नाही," तांती म्हणाली. "एकाला घेतलं की दुसऱ्याची माणसं काडेपेटी काढणार. दोघं बसा, मग मी बसते. नाहीतर माझी भट्टी बरी."

"दोघांचं पटेल कसं?" बालगोबिन म्हणाले.

"आता पटलंच ना? एक पाठ देऊन बसलाय, एकानं कोट दिलाय."

वकीलसाहेबांनी सदऱ्याची बाही पिळली. मग म्हणाले, "डेल्फोस, पंतप्रधान तुम्ही व्हा. रस्त्यावरची माणसं तुमचं ऐकतात, माझं नाही. पण खजिन्याची किल्ली माझ्याकडे."

डेल्फोस थक्क झाले.  "किल्ली घ्या. पण मजुरांचं खातं माझ्या माणसाकडे. आणि शेती तुमच्या."

"शाळा?"

"तुमच्या त्या हुशार पुतणीला द्या. ती माझ्यावर भाषणात फार तोंड टाकते, पण शिकलेली आहे."

"आणि तांतीला लहान बेटांचं खातं," बालगोबिन म्हणाले.

"म्हणजे मला माझ्याच अंगणाची राखणदार करता!" तांती उसळली. "मला आरोग्य हवं. नुसतं लिझेतचं नाही, सगळ्या देशाचं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग झोपलेल्या मारीझकडे. "दिलं," दोघे एकदमच म्हणाले.

पण खरी भीती तर पुढेच होती. बंदर दिसू लागलं तेव्हा धक्क्यावर माणसंच माणसं होती. एकीकडे मजूर, दुसरीकडे दुकानदारांची पोरं. हातात काठ्या, रॉकेलच्या बाटल्या. पहाटेपासून दोन्ही पुढारी गायब होते आणि आपल्या माणसाला समोरच्यांनीच पळवलं, असं दोन्ही बाजूंना वाटत होतं.

"तांडेल, मागे वळवू?" एल्फेजने स्वतःलाच विचारलं. पण मारीझ कण्हली आणि त्याने मला सरळ धक्क्याला लावलं.

कापडाची पुढची टोकं डेल्फोसनी धरली, मागची बालगोबिननी. दोघे चिंब भिजलेले, एकाच्या अंगाला कोंबड्यांची पिसं चिकटलेली. गर्दीतला आरडाओरडा हळूहळू थांबला.

"वाट द्या!" डेल्फोस गरजले. "आधी दवाखाना, मग सरकार!"

गर्दी दुभंगली. कुणीतरी काठी खाली टाकून कापडाला हात लावला, मग समोरच्या बाजूच्याही एकाने लावला. काही वेळाने दोघे पुढारी परत आले आणि माझ्या नाळेवर शेजारी शेजारी उभे राहिले. डेल्फोसनी मंत्र्यांची नावं सांगितली.

"विकला गेलास, डेल्फोस!" मागून कुणीतरी ओरडलं.

"विकला गेलो असतो तर कोंबड्यांच्या होडीतून आलो असतो का रे?"

आधी एक जण हसला, मग दहा जण, मग सगळा धक्का. बाटल्या कुठे गेल्या ते मला दिसलंच नाही. एल्फेज माझ्या तळाशी बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. संध्याकाळी दवाखान्यातून निरोप आला की मारीझचं ऑपरेशन झालं, ती वाचली. तेव्हा कुठे माझ्या फासळ्या सैल झाल्या.

शनिवारी तोफा धडाडल्या. शपथविधी मी पाहिला नाही, बंदरातल्या रेडिओवर ऐकला. माझ्या डोलकाठीवर नवा झेंडा होता. मला निळा रंग मिळाला, लोक मला 'मंत्र्यांची होडी' म्हणू लागले. ते मंत्रिमंडळ काही गोडीगुलाबीने चाललं नाही. तांतीने दोनदा राजीनामा फेकला, दोनदा परत घेतला. पण पुढच्या निवडणुकीपर्यंत ते टिकलं. आणि लिझेतच्या टेकडीवर दवाखाना उभा राहिला. त्याचे पत्रे, खाटा, काचा मीच वाहून आणल्या.

त्यानंतर लोखंडी बोट आली. माझा रंग उडाला. एल्फेज गेला, आणि मला वाळूत ओढून ठेवलं ते कायमचंच. सुरुवातीला फार वाईट वाटायचं. पावसाचं पाणी पोटात साचायचं, कुणी उपसत नसे.

मागच्या वादळाची गोष्ट. लोखंडी बोट बंदरात बांधून ठेवलेली होती, दर्या खवळलेला होता. भर दुपारी किनाऱ्याकडून धावती पावलं ऐकू आली. चौघे जण कुणाला तरी खाटेवर उचलून आणत होते. माझ्या जुन्या फळ्या ताठ झाल्या. वाटलं, आता मला हाक येणार, आणि मला तर निघता येणार नाही.

पावलं माझ्याजवळून पुढे गेली. टेकडीकडे वळली, दवाखान्याच्या पायऱ्या चढली. दार उघडलं, दिवा लागला. मला कुणी हाकच मारली नाही. मित्रांनो, इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं, भर पाण्यात असतानाही नाही.

म्हणून एक मागणं आहे. माझ्यावर रंग चढवला नाहीत तरी चालेल, कोंबड्यांची सोबत मला पुरते. पण त्या दवाखान्याचं छप्पर दोन ठिकाणी गळतं, असं ऐकलंय. ते या पावसाच्या आत दुरुस्त करून घ्या. कुणी करायचं यावर वाद झाला, तर इथे येऊन बसा आणि वाद घाला. माझ्या फळ्यांना त्याची सवय आहे.