मोठ्या ग्रंथाच्या पाठीत

बाइंडरची मुलगी सोमवारी त्याच्याशी चार शब्द बोलली, मंगळवारी दोन, आणि त्यातला एक 'हूं' होता. त्याला शब्द म्हणायचं की नाही, यावर बाइंडर खळ ढवळता ढवळता बराच वेळ विचार करत राहिला. एरवी या मुलीचं तोंड म्हणजे उघडा नळ. घरात तिला सगळे वकील म्हणत. दूध उतू गेलं तरी ती दुधाची बाजू मांडायची. अशा वकिलाने अबोला धरला की घरात पाय टेकायला जागा उरत नाही.

अबोल्याला कारण होतं. दहा दिवसांपूर्वी वकिलाने त्याच्याकडे एक पुस्तक दुरुस्तीला दिलं होतं. चेटकिणीच्या घरी विद्या शिकायला राहिलेल्या मुलीची जाडजूड कादंबरी. हाताळून हाताळून पाठ सुटलेली, मधली पानं लोंबणारी.

"पप्पा, दोऱ्याने शिवा हं. नुसतं चिकटवून तोंडाला पानं पुसू नका," तिने बजावलं होतं.

आता त्याच सुमारास पाळकसाहेबांनी चर्चमध्ये सांगितलं होतं, की जादूटोण्याच्या गोष्टींची पुस्तकं मुलांच्या हातून काढून घ्या. मंडळींनी माना डोलावल्या. बाइंडरनेही डोलावली. मान डोलावणं ही त्याच्या लेखी 'बघू पुढचं पुढे' म्हणण्याची सभ्य रीत होती, आणि या रिवाजावर त्याने आयुष्याची चाळीस-बेचाळीस वर्षं बिनतक्रार काढली होती.

पण पुढचं पुढे न जाता दुकानातच आलं. चर्चमधला मोठा ग्रंथ, व्यासपीठावरचं बायबल, त्याच्याकडे नव्याने बांधायला होता. शिवण झाली होती, ग्रंथ शिकंज्यात आवळून उभा होता, पाठीवर कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. काम कुठवर आलं ते बघायला पाळकसाहेब स्वतः आले. शेजारीच वकिलाचं पुस्तक पडलं होतं. साहेबांनी बोट न लावता, मान तिरकी करून नाव वाचलं.

"हे कुणाचं रे?"

"माझं नाही, साहेब."

"मग कुणाचं?"

"कुणास ठाऊक. रद्दीत आलं."

"रद्दीतलं टेबलावर कशाला?"

"कागद चिवट आहे ना. पाठीला लावायला काढलाय."

बोलून बसला, मग करून दाखवणं आलं. तसं त्यात नवल काही नव्हतं. कुठल्याही जुन्या पुस्तकाची पाठ सोलून बघा, आत दुसऱ्याच पुस्तकाची पानं निघतात. सगळे बाइंडर हेच करतात. याने कादंबरीची शेवटची बत्तीस पानं उपटली, पट्ट्या कापल्या, आणि साहेबांच्या देखत मोठ्या ग्रंथाच्या पाठीवर खळीने थापल्या. उरलेलं पोत्यात टाकलं. साहेब "छान, छान" म्हणत गेले. तीन प्रश्न, तिन्हींना नकार. शहाण्याला तिथेच, प्रभूला तीनदा नाकारणाऱ्या शिष्याला ऐकू आला तो कोंबडा ऐकू आला असता. बाइंडरला फक्त हात धुवायची घाई झाली होती.

संध्याकाळी वकील आली. जमिनीवरची कातरणं उचलून तिने पानांचे आकडे वाचले.

"साहेबांनी फाडायला लावलं?"

"नाही."

"मग?"

"त्यांनी विचारलं कुणाचं. मी म्हटलं, रद्दीतलं."

तिने कातरणं आकड्यांच्या क्रमाने टेबलावर लावली. मग म्हणाली, "येत्या दृढीकरणाला मम्मी माझ्या मागे उभी राहील. तुम्ही नको."

या मंडळीत दृढीकरणाची एक जुनी रीत होती. बारा-तेरा वर्षांची मुलं आपला विश्वास सगळ्यांपुढे कबूल करायला उभी राहत. प्रत्येकाच्या मागे आई किंवा बाप. पाळक विचारत, "हे लेकरू कुणाचं?" मागच्याने खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, "माझं." बाइंडर गेली दोन वर्षं या एका शब्दाची वाट बघत होता. नवीन सदराही शिवून झाला होता.

"अगं, दुसरं पुस्तक आणून देतो."

"शेवट मला मैत्रिणीने सांगितलाय. पुस्तक नकोच आहे मला. पुस्तक कुणाचं विचारल्यावर तुमची दातखीळ बसली, तर माझ्या वेळी काय भरवसा? साहेबांना जाऊन सांगा, ते माझं होतं. तोवर मम्मी."

तिथून अबोला. मधल्या रविवारी मोठा ग्रंथ नव्या कातड्यात व्यासपीठावर चढला. साहेबांनी नेमका तोच उतारा काढला, ज्यात एक राजा वेष बदलून चेटकिणीच्या दारी जातो आणि पस्तावतो. साहेब पान उलटत, नवी पाठ करकर वाजे, आणि बाइंडर बाकावर इकडून तिकडे सरके.

"अहो, बाकाला मुंग्या लागल्यात का?" बायको कुजबुजली.

घरी आल्यावर त्याने तिला सगळं सांगितलं. वकील मुलगी बापाशी झालेलं भांडण आईकडे नेत नसे, हा तिचा नियम. बायको ऐकून घेत भांडी पुसत राहिली.

"मला नाही आवडत ती पुस्तकं. साहेबांचं मला पटतं. पण पोरीने पुस्तक साहेबांच्या हातात नव्हतं दिलं, तुमच्या दिलं होतं."

"म्हणजे मी जाऊ?"

"मी कुठे काय म्हटलं?" बायको म्हणाली. हे वाक्य ती म्हणाली की माणसाने चपला घालाव्यात, हे बाइंडरला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. तरी त्याने चपला घालायला गुरुवार उजाडवला. मंगळवारी तो अर्ध्या रस्त्यातून परतला. बुधवारी पाळकांच्या फाटकाची कडी काढून परत लावली.

गुरुवारी साहेब टेबलाशी दृढीकरणाची यादी तपासत होते. बाइंडरने उभ्यानेच सगळं सांगून टाकलं: पुस्तक कुणाचं, खोटं कोण बोललं, पानं कुठे आहेत. पानांचं ऐकताच साहेबांनी चष्मा काढला.

"ग्रंथाच्या पाठीत? त्या ग्रंथाच्या?"

"हो साहेब."

"आणि रविवारी मी त्यातून वाचलं."

"छान वाचलंत, साहेब."

साहेबांनी त्याच्याकडे रोखून बघितलं; त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर हसला असता. मग ते खिडकीकडे बघत हळू बोलू लागले.

"माझ्या आईला ताप आला होता. घरच्यांनी मांत्रिक आणला. चार दिवस धूर आणि पुटपुट. पाचव्या दिवशी डॉक्टर आला, तेव्हा तो नुसता मृत्यूच्या दाखल्यावर सही करायला आला. तू म्हणशील, ती गोष्ट वेगळी, ही गोष्ट वेगळी. असेल. मला चेटकीण पुस्तकात दिसत नाही, आईच्या अंथरुणाशी बसलेली दिसते."

बाइंडरला मान डोलावायची होती, पण ती आज हलेना.

"साहेब, तुमचं खरं आहे," तो शेवटी म्हणाला. "पण पुस्तक माझ्या मुलीचं होतं."

"तेही खरं." साहेबांनी यादीवर एक रेघ ओढली. "मग मला तिच्याशी बोललं पाहिजे. महिनाभर, दर शनिवारी. तिने काय वाचलं, त्यातलं काय मानलं, सगळं. या रविवारी तिला उभी करता येणार नाही. पुढच्या खेपेला बघू. नक्की सांगत नाही. आणि तो ग्रंथ घेऊन जा, पाठ सोल."

बाइंडर ग्रंथ छातीशी धरून घरी आला, तेव्हा त्याला वाटत होतं की आपण कर्ज फेडायला गेलो आणि पोरीचं घर गहाण टाकून आलो. वकिलाने सगळं ऐकलं. दारावर तिचा पांढरा झगा इस्त्री करून टांगलेला होता.

"आजच सांगितलंत?"

"हो."

"पप्पा, सोमवारी सांगायचं ना! रविवार तेवढा उरकून घ्यायचा, मग सांगायचं! माझ्या सगळ्या मैत्रिणी उभ्या राहणार, आणि मी काय खांबाला टेकून टाळ्या वाजवू? तुम्हाला वेळकाळ कळत नाही, खोटं बोलायचं तेव्हा खरं बोलता, खरं बोलायचं तेव्हा—"

"सोमवारी मी गेलोच नसतो, बाळा."

ती थांबली. हे तिलाही ठाऊक होतं.

"आणि साहेबांनी महिन्यानंतरही नाही म्हटलं तर?"

"माहीत नाही."

"मी खोटं नाही बोलणार. पुस्तक आवडलं, असंच सांगणार."

"सांग."

रविवारी साहेबांनी खिशातल्या छोट्या प्रतीतून, डोळ्यांजवळ धरून वाचलं. अकरा मुलं पुढे उभी राहिली. "हे लेकरू कुणाचं?" अकरा वेळा विचारलं गेलं. बाइंडर वकिलाशेजारी मागच्या बाकावर बसला होता, नव्या सदऱ्यात, आणि त्याच्याने एक क्षण स्वस्थ बसवत नव्हतं. पुढच्या रांगेतल्या बायका वळून वळून बघत होत्या. बाराव्याची जागा मोकळी का, याचा हिशेब प्रत्येकीने आपापल्या परीने मांडायला घेतला होता. बाइंडरने मान खाली घातली.

कोपराची एक ढुसणी बसली.

"बघू दे त्यांना," वकील म्हणाली. "तुम्ही इथे सरका. तिथून काही दिसत नाही."