नळीवरचं नाव

नाक मुरडू नका, मी बोलतेय. मी एक नळी, बोटभर लांबीची, हिरव्या झाकणाची. झाकणाला आतून एक काडी असते. ती शौचात चार ठिकाणी टोचायची आणि परत माझ्यात खुपसायची, की झालं. ना सुई, ना उपास. डोळ्यांना न दिसणारं रक्तही माझ्यामुळे कळतं. आतड्याचा कॅन्सर दुखायला लागायच्या आत सापडावा, एवढ्यासाठी माझा जन्म.

कारखान्याने पन्नाशी उलटलेल्यांना आमचं वाटप केलं. मी एका क्रेनवाल्याच्या वाट्याला आले. माझ्यावर त्यांच्या नावाची चिठ्ठी होती. घरी त्यांनी मला स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवलं, तर बायकोने दोन बोटांत धरून खिडकीत नेऊन ठेवलं. तिथे चार दिवस मी त्यांचा संसार बघितला. क्रेनवाल्यांचे अर्ज बायको भरायची, फोन तीच करायची. त्यांची सहीसुद्धा तीच ठोकायची, आणि त्यांच्यापेक्षा बरी.

पाचव्या दिवशी सकाळी ते बूट चढवत म्हणाले, "अगं, त्या नळीची आज शेवटची तारीख. तूच भरून दे ना."

"अहो, हा काय अर्ज आहे?"

"कुणाला काय कळतंय? मी ठणठणीत आहे. मला नाही जमायचं ते."

ती बडबडत आत गेली. बाहेर आली तेव्हा मी भरलेली होते.

प्रयोगशाळेत माझ्यात रक्त सापडलं. रक्त म्हणजे कॅन्सरच असं नाही, मूळव्याधीचंही असतं. पण ते कुठून येतंय हे दुर्बीण घालून बघावंच लागतं. बोलावणं अर्थातच क्रेनवाल्यांना गेलं. त्यांनी मुकाट्याने दुर्बीण घालून घेतली.

आज दोघं दुर्बिणीचा अहवाल घेऊन प्रयोगशाळेत आली. नोंद मिटवायला तिथे काम करणाऱ्या मुलीने मला फ्रीजमधून काढून टेबलावर ठेवलं होतं.

"काका, आतडं अगदी स्वच्छ आहे. कधीकधी नळी चुकते."

क्रेनवाले मोकळे हसले. बायको हसली नाही. ती आधीपेक्षा बरीच वाळली होती. मुलगी शिक्का आणायला आत गेली, तशी ती हळूच म्हणाली, "अहो, सांगून टाकू या."

"वेडी आहेस का? नोकरी जाईल माझी."

"मला दोन जिने चढवत नाहीत हल्ली."

"ती म्हणाली ना, नळी चुकते म्हणून."

मुलगी परत आली. बायकोने माझ्याकडे बोट केलं. "ताई, ही फेकणार का?"

"हो. चुकलेली नळी ठेवून काय करू?"

बायकोने तोंड उघडलं. "चल गं, उशीर होतोय," दारातून हाक आली. तिने तोंड मिटलं आणि ती निघाली.

आता मी लाल पिशवीत आहे. बाई, मी चुकले नव्हते हो. चिठ्ठी त्यांची होती, रक्त तुमचं होतं. आयुष्यभर त्यांच्या नावाने सह्या केल्यात, आता एकदा स्वतःच्या नावाची नळी मागून घ्या. अजून जिन्यावरच असाल. दोन पायऱ्या उतरून दम खाताय, ते मला इथवर ऐकू येतंय.