भूपेशचा पासवर्ड

भूपेशची मी जिरवली, अन् हसत हसत जिरवली. काहून, ते ऐका.

गांधीबागेत गणपतरावांचं साड्यांचं ऑफिस आहे. तिथं मी काठ-पदराचे डिझाइन काढते. एकेका कॉम्प्युटरात दोन-दोन सिस्टीम, एक डिझाइनची, एक बिलाची. चालू केल्यावर कोणती उघडायची, ते ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्या भूपेशच्या हाती. निवडायची यादीच त्यानं लपवून ठेवलेली, अन् बदलायचं म्हटलं तर फाइल, कमांड, पासवर्ड! लोकं त्याच्या टेबलावर तर्री-पोहे नेऊन ठेवत, तवा कुठं साहेब उठत.

मी पोहे नेले नाही. झालं! सुरतेचा व्यापारी माझे काठ पाहाले आला, त्याच दिवशी माझं मशीन थेट बिलात उघडलं.

"भूपेश, बदलून दे ना गा!"

"येतो ना वं. चहा तर पिऊ दे."

व्यापारी वाट पाहून निघून गेला. गणपतरावांनी मलेच झापलं, डिझाइन काढून घेतलं अन् बिलावर बसवलं. भूपेश दात काढून राहिला होता. अस्सा संताप आला! बाबांचा माग बंद पडल्यावर घरात काठाचं काम माझ्याच हातात उरलं होतं. ते या फुकट्यानं घालवलं.

मी भांडली नाही. बिलं करता करता ती फाइल-कमांडची भानगड शिकली. मग गणपतरावांकडून परवानगी अन् पासवर्ड घेऊन सगळ्यांच्या स्क्रीनवर एक छोटी खिडकी बनवली. 'सुरू होताना काय उघडू?' खाली दोन मोठी बटणं, डिझाइन अन् बिल. दाबा, झालं. हिशोबाच्या सिंधूताईंनी दाबून पाहिलं अन् ओरडल्या, "अवो माय! एवढंच होतं?"

मग भूपेशच्या टेबलाकडे कोणी फिरकेना. पोहे बंद, साहेबगिरी बंद. मी मान वळवून वळवून पाहत होती. बस म्हटलं आता माशा मारत!

गणपतरावांनी मले डिझाइनचं मशीन परत दिलं अन् सगळ्यांसमोर विचारलं, "मग या भूपेशचं इथं काम काय उरलं?"

नेटवर्क तोच पाहायचा, प्रिंटरही तोच सुधरवायचा. मले सगळं ठाऊक होतं. भूपेशचं तोंड उतरलं. हळूच म्हणे, "अंजू, सांग ना वं."

"मले काय माहीत गा?" मी म्हटलं, अन् माझ्या मशीनवर जाऊन बसली.

पुढच्या महिन्यापासून तो यायचा बंद झाला. सिंधूताई म्हणतात, एक शब्द बोलली असती तर त्याची नोकरी वाचली असती. हो, वाचली असती. म्हणूनच नाही बोलली.