जन्नतच्या गादीचा नमुना

तुम्ही विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नका. माझ्या बायकोनं तरी कुठं ठेवलाय!

मी गादीवाला. पन्नास वर्षं कापूस पिंजतोय. नाकात कापूस, कानात कापूस, दाढीत कापूस. मेल्यावर माझ्या कफनासाठी वेगळा कापूस आणावा लागणार नाही, असं गल्लीत म्हणतात. माझे थोरले भाऊ मशिदीत बांग देतात. हे काय, दुकानात माझ्याच उशीला टेकून बसलेत. चाळीस वर्षांत त्यांची पहाटेची बांग चुकलेली नाही. एकदाच चुकली, ती माझ्यापायी. तीच गोष्ट सांगतो.

"कुठली रे?" भाईजान म्हणाले.

"मध्ये बोलू नका हो, माणसं ऐकतायत."

तर झालं असं. एका जुम्म्याला मौलवी जन्नतचं वर्णन करत होते. म्हणाले, तिथं टेकायला गाद्या असतील, त्यांचं अस्तरसुद्धा भारी रेशमाचं. बाकीचे लोक बागा आणि नद्यांत रमले. मी अस्तरापाशीच अडकलो. अस्तर रेशमाचं, तर वरची खोळ कशाची? आणि आत भरलंय काय? मौलवींना गाठून विचारलं.

"तिथं गेल्यावर बघ," ते म्हणाले.

अशानं कुणी गादी शिवतं का? म्हटलं, आधी इथं एक नमुना करून बघू.

सावरीचा कापूस आणला आणि अकरा वेळा पिंजला. खोळीत भरला तर गादी जी उडाली ती छताला जाऊन चिकटली. चार धोंडे बांधून खाली उतरवली. शेजारचं मांजर तिच्यावर बसलं ते आत बुडालं. तिसऱ्या दिवशी वर आलं, तेही जांभई देत.

मग मी आडवा झालो.

पहाटे मशिदीत जाता जाता भाईजान मला हाक मारायला आले. रोजच मारतात. "ऊठ रे छोट्या, झोपेपेक्षा नमाज बरी." मी नुसतं हं केलं. हात धरून ओढावं म्हणून ते गादीच्या कडेला टेकले, आणि खेळ खलास! बसल्या जागी घोरायला लागले. बांग ऐकू येईना म्हणून मौलवी शोधत आले, तेही टेकले. मग दूधवाला, शिंपी, शाळेचे मास्तर. जो उठवायला यायचा तो आडवा व्हायचा. ऊन दारातून आत आलं तेव्हा गादीवर तेवीस माणसं होती, आणि अजून दोघांची सोय झाली असती.

शेवटी तुमची चाची आली. ती बाई कुठंही टेकत नाही. कात्री घेतली आणि खोळ टराटरा उसवली. तेवीसच्या तेवीस धपाधप फरशीवर!

भाईजाननी उन्हाकडे पाहिलं आणि लहान पोरासारखे रडायला लागले. "चाळीस वर्षांची बांग गेली! वर काय तोंड दाखवू?"

"सांगा, धाकट्याच्या गादीनं घात केला."

"तिथं ज्याचं त्याला विचारतात. तुझं नाव घेऊन मी सुटेन होय?"

तेव्हा माझे डोळे उघडले. इथली गादी कितीही मऊ असली तरी एक दिवस आपल्याला तिच्यावरून उचलून नेतात. तिथली कायमची, पण तिच्याकडे जायची वाट पहाटेच्या गार फरशीवरून आहे. मी ज्याला नमुना म्हणत होतो, तो त्या वाटेतला धोंडा होता. कापूस वाटून टाकला. तेवढी एक नमाज मात्र अजून छातीत सलते. मग मनाची समजूत घालतो, की एकटा थोडाच चुकलो? जिथं भाईजानसारखा माणूस झोपला, तिथं माझी काय कथा!

भाईजान उशी सोडून ताठ बसले.

"खोटं! त्या पहाटे बांग मी दिली. मौलवी होते, शिंपी होता, दूधवाला होता, सगळी गल्ली नमाजला उभी होती. तुझ्या दारात तीनदा येऊन हाका मारल्या. झोपला होतास तो तू एकटा."