पास्कूची नम्रता

बोईसरच्या कामगार वस्तीतल्या चर्चमध्ये पवित्र गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याच्या आठवणीत, फादरनी पास्कूला बस्त्यावचे पाय धुवायला सांगितलं. त्यातला एक पाय भांडणात पास्कूनेच पहार घालून मोडला होता. पाय धुतले की बस्त्याव पोलिसातली फिर्याद मागे घेईल, तुरुंग टळेल, असा पास्कूचा सरळ हिशेब. म्हणून नवा सदरा घालून तो गुडघ्यांवर बसला आणि शेवटच्या रांगेलाही आपली नम्रता ऐकू जावी एवढ्या मोठ्याने प्रार्थना म्हणू लागला.

बस्त्यावने धड पायाने त्याच्या तोंडावर लाथ हाणली. दात तुटला. पास्कूने झेप घेऊन त्याचा गळा आवळला. पाण्याचं घमेलं उलटलं, बायका किंचाळल्या, सोडवायला आलेल्या फादरच्या नाकावर कोपर बसलं.

"दाब!" बस्त्याव कसाबसा बोलला. "मगाशी सोंग व्हतं. आता खरा पास्कू दिसला."

पास्कूचे हात सुटले. तो रक्त थुंकला.

"खरं हाय," तो हळूच म्हणाला. "आजपन तुला मारावंसंच वाटतंय." मग उठून त्याने विहिरीवरून दुसरं पाणी आणलं.

"फिर्याद राहू दे तुझी, मागं घेऊ नको. पाय दे, बाबा."

बस्त्यावने मोडका पाय पुढे केला.