तीन बोटं जास्त

मी एक मोघा आहे. चिनाबच्या पाण्यावर चालणाऱ्या कालव्याच्या एका फाट्यावर, चक त्रेचाळीस या गावाच्या वाट्याला येणारं पाणी माझ्या तोंडातून पाटात उतरतं. मला दार नाही, झडप नाही. किती पाणी सोडायचं हे माझ्या तोंडाच्या मापावरच ठरतं.

मला केहरसिंग मिस्त्रीने बसवलं. खाली-वर बिडाचे ठोकळे, दोन्ही बाजूंना पक्की वीट. त्याने माझी रुंदी तीनदा मोजली. मग कालवा खात्याचा साहेब घोड्यावरून आला आणि त्याने चौथ्यांदा मोजली.

सत्तेचाळीस साली केहरसिंगाचं गाव गाड्या जुंपून पूर्वेला निघून गेलं. काही दिवस माझं पाणी नुसतंच पडीक रानात पसरत होतं. मग पूर्वेकडून आलेली माणसं पाटावर येऊन पाळीवरून भांडायला लागली, तेव्हा कळलं की गाव पुन्हा वसलं.

त्यांच्यात नूरदीन होता. त्याला दोन मुलं, नवाजिश आणि मंजूरां. बाप गेल्यावर नवाजिश गावचा नंबरदार, म्हणजे पाटील, झाला. बहिणीचं लग्न त्यानेच ठरवलं, चक एकावन्नच्या करामतशी. एकावन्न हे फाट्याचं टेल, माझ्यापासून सहा मैल खाली. त्यापुढे कालवा नाही, वाळू आहे.

पुढे एका उन्हाळ्यात फाट्याला पाणी कमी आलं आणि त्रेचाळीसचा कापूस माना टाकायला लागला. गावाने बैठक घेतली. दोन माणसांनी माझी उजवी भिंत फोडली, तीन बोटं मागे सरकवून पुन्हा बांधली, वर गिलावा केला. पाटकरी अल्लादित्ता काठावरून चालला होता. तो थांबला आणि मग त्याला एकाएकी आपली म्हैस आठवली.

मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. माझ्या तोंडात पाणी जास्त आलं, मी जास्त सोडलं. त्रेचाळीसचा कापूस छातीला लागला.

खाली काय झालं ते अल्लादित्ताच्या बोलण्यातून कळायचं. एकावन्नला पाणी पोहोचेना. मंजूरां आणि करामतने किन्नू संत्र्यांची तीनशे झाडं लावली होती, तिसऱ्या वर्षात आलेली. जमिनीतलं पाणी खारं. ते पंपाने उपसून घातलं तर पानांच्या कडा करपायला लागल्या. त्यात एकावन्नच्या बायका मंजूरांला चिडवायच्या, "तुझ्या भावानं माहेरचं पाणी माहेरीच ठेवलं गं."

दर जानेवारीत गाळ काढायला फाटा बंद करतात. त्या साली बंदीच्या तिसऱ्या दिवशी मंजूरां कोरड्या पात्रातून सहा मैल चालत वर आली. करामतने तिला बजावलं होतं म्हणे, की भावापुढे हात पसरू नकोस. तिने हात पसरला नाही. तो माझ्या तोंडात घातला. बिडाचा ठोकळा होता तिथेच होता, भिंत त्याच्यापासून मागे गेली होती. त्या फटीत तिची तीन बोटं बसली.

नवाजिश मजुरांवर देखरेख करत उभा होता. निरोप धाडला असतास तर टांगा पाठवला असता, असं काहीतरी तो म्हणाला.

"वीरा," ती भावाला म्हणाली, "हे कुणी केलं?"

"गावानं."

"आणि गावाचा नंबरदार कोण?"

त्याने आवाज खाली आणला. "कापूस जळत होता, मंजूरां. तू नव्हतीस इथं."

"मी जिथं आहे तिथं माझी झाडं जळतायत."

"तू आता एकावन्नची. तिकडचंच बोलणार."

"तिकडं दिलं कुणी मला? तेव्हा टेल दिसलं नव्हतं तुला?"

मजुरांची फावडी थांबली. नवाजिशने तिला घरी चल, आधी रोटी खा, म्हटलं. ती हलली नाही. मग तो काठावर जाऊन उभा राहिला.

मंजूरांने अल्लादित्ताकडे विटा आणि सिमेंट मागितलं. तो बराच वेळ पगडी सारखी करत राहिला, पण घेऊन आला. तिने स्वतः भिंत फोडली, ठोकळ्याच्या कडेला आणून बांधली. अल्लादित्ताने ओळंबा धरला, कारण तिला वीट सरळ लावता येईना. त्रेचाळीसचे लोक भोवती जमले होते. नवाजिशने एक शब्द टाकला असता तर चौघांनी ती भिंत लाथेने पाडली असती. त्याने तो टाकला नाही. पण बहिणीकडे पाहिलंही नाही.

पाणी सुटलं तेव्हा मी पुन्हा पहिल्याइतका झालो होतो. एकावन्नची निम्मी झाडं वाचली. त्रेचाळीसने नवाजिशला वर्षभर टोमणे मारले, की याच्या पगडीपेक्षा बहिणीची ओढणी भारी. त्याने ईदला तिच्याकडे जाणं सोडलं. अकरा वर्षं ती भावंडं बोलली नाहीत. त्यानंतर करामत वारला तेव्हा तो गेला. दारात उभं राहून दुआ मागितली आणि परतला, असं अल्लादित्ता सांगत होता.

त्यालाही बरीच वर्षं झाली. आता अल्लादित्ताही नाही. फाट्याला काँक्रीटचं अस्तर होतंय. माझ्या कपाळावर लाल रंगाची फुली मारली आहे. माझ्या जागी नवा मोघा ओतायचा आहे आणि आज सकाळी त्याचा साचा उभा राहिला.

नवाजिश काठी टेकत आला. साच्याकडे बराच वेळ पाहून म्हणाला, "ओतू नका. आधी एकावन्नहून माझ्या बहिणीला बोलवा. ती मोजेल, मग ओता."

मुकादम म्हणाला, बाबा, माप कागदात आहे.

"कागदात तेव्हाही होतं," नवाजिश म्हणाला आणि खाट मागवून काठावर बसला.

माझं फार काही मागणं नाही. तुमच्याही गावात कालवा असेल, तर बंदीच्या दिवसांत एकदा त्याच्या कोरड्या पात्रातून शेवटपर्यंत चालून या. पाणी भरलेलं असताना खालचं काही दिसत नाही.

मंजूरांला आणायला मोटारसायकल गेली होती. ती रिकामी परत आली. बाई चालत निघाल्यात, असा पोराने निरोप दिला. सत्तरी उलटलेली बाई, सहा मैल. मजुरांचा चहा पिऊन झाला. सिमेंट कालवायला घ्यायचं का, असं मुकादमाने दोनदा विचारलं. नवाजिश पात्राच्या वळणाकडे बघत बसला आहे.